२३,२५० पौंडांचा आकडा आता तरी बदला

माननीय आरोग्य व सामाजिक देखभाल मंत्री, ब्रिटन सरकार
यांस सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहिते आहे, की इथल्या मराठी घरांना हे नियम कळतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

इंग्लंडमध्ये केअर होममध्ये (म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या निवासात) जाणाऱ्या माणसाची शिल्लक २३,२५० पौंडांच्या वर असेल, तर सगळा खर्च त्यानेच करायचा. हा आकडा २०१० सालचा. २०२५-२६ च्या परिपत्रकात आपल्या खात्याने केअर होममधल्या रहिवाशाकडे राहू द्यायचा हातखर्च आठवड्याला ३०.१५ पौंडांवरून ३०.६५ केला. पन्नास पेन्स का होईना, वाढले. २३,२५० चा आकडा मात्र जागचा हलला नाही. या काळात केअर होमची फी कुठच्या कुठे गेली. वेल्समध्ये हीच मर्यादा ५०,००० पौंड आहे, आणि ब्रिस्टॉलच्या म्हातारीची गरज कार्डिफच्या म्हातारीपेक्षा काही निराळी नसते.

शिल्लक २३,२५० च्या आत असली, तरी १४,२५० च्या वरच्या भागावर तर दर २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न येतं असं धरतात. म्हणजे वर्षाला २० टक्क्यांहून जास्त. कुठली बँक एवढं व्याज देते? जे हातात पडतच नाही ते पडलं असं धरून म्हाताऱ्या माणसाची पुंजी खात राहणं हा अन्याय आहे.

पण एकत्र राहणाऱ्या घरांना सगळ्यात जास्त लागतो तो घराचा नियम. सासऱ्यांनी रात्रपाळ्या करून घेतलेलं घर त्यांच्या मागे सासूबाईंच्या नावावर झालं. त्यांना डिमेन्शिया झाला तेव्हा आम्ही आमचा फ्लॅट सोडून तिथे राहायला गेलो. गॅस चालू राहायचा. मध्यरात्री त्या साडीवर कोट चढवून दाराशी उभ्या असायच्या, कामावर जायचंय म्हणून. झेपेनासं झालं तेव्हाच केअर होमचा विचार केला.

कौन्सिलकडून (स्थानिक पालिकेकडून) पैसा-मालमत्तेच्या तपासणीला, असेसमेंटला, आलेल्या बाई आदराने बोलल्या. परदेशातली मालमत्ताही धरतात, म्हणून गावाकडच्या जमिनीचं विचारलं. सातबाऱ्यावर पाच नावं आहेत, एकट्या सासूबाईंना ती विकता येत नाही, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हातातल्या पाटल्या धरायच्या नसतात, हेही त्यांनीच सांगितलं. अडलं ते घरापाशी. तिथे नवरा किंवा बायको राहत असेल, साठीच्या पुढचा किंवा अपंग नातेवाईक राहत असेल, तर घर धरत नाहीत. पन्नाशीतले मुलगा-सून राहत असतील तर धरतात. पहिले १२ आठवडे सूट, मग घराची किंमत हिशेबात. पैसे मागाहून द्यायची सोय आहे, पण त्यावर व्याज चढतं आणि शेवटी बहुतेकांना घर विकावंच लागतं. सेवेसाठी स्वतःचं घर सोडून आलेल्यांना कौन्सिल सूट देऊ शकते, पण ते तिच्या मर्जीवर. आम्ही अर्ज केला, नकार आला.

देखभालीच्या खर्चाचा विचार करायला सरकारने नेमलेल्या डिलनॉट आयोगाने २०११ मध्येच आयुष्यभराच्या खर्चाला कमाल मर्यादा घाला म्हणून सांगितलं होतं. ८६,००० पौंडांची ती मर्यादा २०२३ मध्ये येणार होती, ती २०२५ वर ढकलली गेली आणि २०२४ मध्ये आपल्याच सरकारने रद्द केली. आता याच प्रश्नावर नेमलेल्या नव्या केसी आयोगाचा अंतिम अहवाल २०२८ मध्ये म्हणतात. आज केअर होममध्ये असलेल्या कितीतरी माणसांना तेवढा वेळच उरलेला नाही.

मंत्रिमहोदय, २३,२५० चा आकडा बदलायला नवा कायदा लागत नाही, नियमावलीत दुरुस्ती पुरते. पुढच्या परिपत्रकात तो निदान वेल्सइतका करा आणि दर वर्षी महागाईनुसार वाढवा. आणि आजारी माणसाच्या सेवेसाठी आपलं घर सोडून आलेल्या नातेवाइकाला, त्याचं वय काहीही असो, घराची सूट हक्काने मिळू द्या.

कळावे,
आपली विश्वासू,
एक सून, लंडन