ट्रिप लॉगर लावताय? चावी काढल्यावर तो किती करंट खातो ते आधी मोजा

मा. संपादक साहेब,
स. न.

आपल्या पेपरात गाडीतल्या नवीन गॅजेटबद्दल नेहमी छापून येतं म्हणून हे लिहितोय. किलोमीटरचा हिशेब ठेवणारे ट्रिप लॉगर आता बरेच लोक लावायला लागलेत, पेट्रोलचा क्लेम करणारे एमआर, साइटवर फिरणारे कॉन्ट्रॅक्टर, टूरवाले, आणि इंजिनिअरिंगची पोरं तर ईएसपी३२ नावाचा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड आणून घरीच बनवतात. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याला सप्लाय कुठून द्यायचा म्हटलं की सगळे स्टिअरिंगखालचा ओबीडी पोर्ट शोधतात, गॅरेजवाले स्कॅनर लावतात तोच १६ पिनांचा सॉकेट, आणि प्लग खुपसून मोकळे होतात. मी ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो, लांब सुट्टीनंतर बॅटरी उतरलेल्या गाड्या येतात त्यात असे लॉगर सापडतातच.

या पोर्टमध्ये १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस येतो आणि ४ नंबरला बॉडी अर्थ. चावी काढा, गाडी लॉक करा, १६ नंबर बहुतेक सगळ्या गाड्यांत चालूच राहतो. अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे चारचाकींना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आलं, म्हणजे गाडीने आपले बिघाड स्वतःच नोंदवायची पद्धत. त्यातला हा पोर्ट मेकॅनिकने अर्धा-पाऊण तास स्कॅनर लावून बघावं यासाठी, तिथे एखादी वस्तू महिनोन् महिने मुक्कामाला राहील असा विचार त्यात नाही.

आता हिशेब बघा. लॉगर गाडी उभी असताना ५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर गेले. गाडीचं स्वतःचं घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म मिळून आणखी २०-३० मिलिअँपिअर असतातच. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे पंधरा दिवस गावाला जाऊन आलात की पाऊण बॅटरी रिकामी, आणि जुनी बॅटरी असेल तर आठवड्यातच सेल्फ नुसता टकटक करतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी दोन-चार वेळा पूर्ण उतरली की नंतर चार्ज करूनही पहिल्यासारखी धरत नाही. बाईकवर कोणी असलं काही लावत असेल तर त्याने दहादा विचार करावा, तिथे बऱ्याचदा बॅटरीच ३ ते ५ अँपिअर-अवरची असते.

दुसरं म्हणजे फ्यूज. लोक म्हणतात गाडीत फ्यूज आहे की, आहे, पण तो बऱ्याच गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा असतो आणि लॉगरची वायर असते केसासारखी बारीक. ती डॅशबोर्डच्या पत्र्याला घासून सोलली तर गाडीचा फ्यूज उडायच्या आधी वायरच तापून वितळू शकते, आणि ते सगळं तुमच्या गुडघ्याजवळ. म्हणून प्लगपासून चार बोटांच्या आत १ अँपिअरचा इनलाइन फ्यूज, म्हणजे वायरच्या मध्येच बसणारा फ्यूज, टाकायचा, ५ व्होल्टच्या लॉगरला तेवढा पुष्कळ झाला. याचा अजून एक फायदा आहे जो कोणी सांगत नाही. हा फ्यूज काढून त्याच होल्डरच्या दोन टोकांना मल्टीमीटर करंटवर ठेवून सिरीजमध्ये लावला की एकट्या लॉगरचा करंट दिसतो, बॅटरीचं टर्मिनल खोलायची गरज नाही. चावी काढून, दारं लावून, अर्धा तास थांबून आकडा बघा. ५ मिलिअँपिअरच्या आत असेल तर निश्चिंत राहा, त्याच्या बराच वर असेल तर तो लॉगर कायम लावून ठेवू नका.

घरी बनवणाऱ्या पोरांना एक कळकळीचं सांगणं, १२ व्होल्टचे ५ करणारा ७८०५ रेग्युलेटर इथे वापरू नका, तो जादा व्होल्टेज नुसतं उष्णतेत घालवतो. इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या वर येतात, अर्ध्या अँपिअरला साडेचार वॉट नुसती उष्णता होते आणि उन्हात उभ्या गाडीत ती जायला जागा नाही. फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टरच घ्या, पण इनपुट किती व्होल्टचा ते वाचून घ्या. स्वस्तातले छोटे मॉड्यूल २३ किंवा २८ व्होल्टपर्यंतच टिकतात, आणि हायवेवर ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप घेतला किंवा चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल सैल झालं की त्याच्या वर झटका बसतो. ४० व्होल्टवाला घ्या, पुढे व्होल्टेजचा झटका अडवणारा एक टीव्हीएस डायोड आणि उलट जोडणीसाठी एक साधा डायोड. सेल्फ मारताना व्होल्टेज ७-८ पर्यंत खाली येतं तेव्हा लॉगर रीसेट होऊन कार्डवरची फाइल खराब होऊ नये म्हणून इनपुटला मोठा कपॅसिटरही हवा. नुसता सप्लाय हवा असेल तर ६ आणि १४ नंबरच्या पिनांना वायरच जोडू नका, त्या कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या लाइन आहेत, तिथे शॉर्ट झालं तर गाडी चालू होणं बंद होऊ शकतं.

झोपायचं, म्हणजे जवळपास बंद होऊन करंट वाचवायचा, कधी हे लॉगरने व्होल्टेज बघून ठरवावं, १३.२ च्या वर असेल तर इंजिन चालू, खाली गेलं की पाच-दहा मिनिटांनी झोप. नवीन काही गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम कमी चार्ज करतो, चालू गाडीतही १२.५ दिसतात, तिथे सोबत हालचालीचा सेन्सर लागतो. ज्यांना ही भानगडच नको त्यांनी चावीवर चालणाऱ्या फ्यूजवरून फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणारा जोड, घ्यावा, फक्त एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावू नये. आणि कुठूनही घ्या, वायर टायने वर बांधा. लोंबणारी वायर किंवा निसटलेला प्लग ब्रेक पेडलखाली गेला तर पुढचं सांगायला नको.

माझी मागणी दोनच आहेत. हे लॉगर विकणाऱ्यांनी गाडी बंद असतानाचा करंट किती मिलिअँपिअर ते खोक्यावर मराठीत ठळक छापावं, आज बहुतेकांवर फक्त 'प्लग अँड प्ले' लिहिलेलं असतं. आणि आपण पुरवणीत पुढच्या वेळी असल्या गॅजेटची माहिती द्याल तेव्हा किंमत आणि अ‍ॅपच्या जोडीला हा आकडाही विचारून छापावा ही विनंती.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सांगली