स्मरणसभा : येत्या रविवारी, उपासनेनंतर

मंडळीतील बंधुभगिनींनो,

आपले वनाधिकारी काका प्रभूमध्ये निजले, हे आपणांस ठाऊक आहेच. त्यांची स्मरणसभा रविवारी उपासना संपताच मंडळीच्या सभागृहात होईल.

वाचन : बायबलमधील स्तोत्र 1 आणि अनुवाद या पुस्तकातील 20:19. वेढा घातलेल्या नगराचीही फळझाडे तोडू नयेत, ही आज्ञा काका विरळणीसाठी झाडांवर खुणा करतानाही सांगत. कोणते झाड काढल्यास शेजारच्याला ऊन मिळेल, हे आधी पाहत. वणव्याचे दिवस सोडले, तर संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना त्यांनी चुकवली नाही.

कुटुंबाची विनंती :
- पुष्पचक्रे आणू नयेत.
- बोलणाऱ्यांनी थोडक्यात आटोपावे. (लांब भाषणांत काका खुशाल डुलक्या घेत!)
- त्यांची जुनी छायाचित्रे शनिवारपर्यंत सचिवांकडे द्यावीत. मागे नाव लिहावे, म्हणजे परत मिळतील.

— सचिव