अर्ध्यावरून मागे वळवलेली प्रदक्षिणा

दिनांक : २ डिसेंबर २०२४
नागपूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : लुंबिनी-काठमांडू बौद्ध यात्रेत (१६ ते २४ नोव्हेंबर २०२४) छापील कार्यक्रम न पाळल्याबद्दल तक्रार व रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

मी आणि माझी आई (वय ७६) आपल्या कंपनीच्या वरील यात्रेत होतो. दोघींचे मिळून ६९,००० रुपये ऑगस्टमध्येच भरले होते. पावतीची आणि आपल्या माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. मी पोस्टात काउंटरवर बसते. लोकांच्या तक्रारी रोज हाताखालून जातात, त्यामुळे तारीख, वेळ आणि कागद धरूनच लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. प्रवासातल्या गैरसोयीची ही तक्रार नाही. सोनौलीची सीमा ओलांडायला अडीच तास लागले, मुगलिंगच्या पुढे रस्ता उखडलेला होता, १९ तारखेला काठमांडूत पोचायला रात्रीचे साडेअकरा वाजले. याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. डोंगरातला रस्ता आहे, तिथे कोणाचा इलाज चालत नाही. जेवण साधं पण ताजं होतं, हॉटेल स्वच्छ होतं, बसचा चालक जपून गाडी हाकत होता. तक्रार आहे ती काठमांडूतल्या दोन दिवसांची, कारण त्या दोन दिवसांसाठीच आम्ही ही यात्रा घेतली होती.

बुकिंगच्या वेळी मी आपल्या कार्यालयात येऊन हे तोंडी सांगितलं होतं, अर्जातल्या 'विशेष विनंती'च्या रकान्यात लिहूनही दिलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली तेव्हा आई आठ वर्षांची होती. कामठीहून वडिलांचं बोट धरून ती चालत आली होती. त्यानंतर महिनाभरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, २० नोव्हेंबरला तिथे बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले, आणि त्यानंतर सोळाच दिवसांनी, ६ डिसेंबरला, त्यांचं महापरिनिर्वाण झालं. आमच्या घरात हे काठमांडूचं भाषण आजोबांच्या तोंडून नेहमी निघायचं. आजोबांना तिथे जायचं होतं, जमलं नाही. आईला २० नोव्हेंबरची संध्याकाळ काठमांडूत, बौद्धनाथच्या स्तूपाजवळ काढायची होती. वर्षातल्या सगळ्या तारखा सोडून आम्ही हीच यात्रा निवडली ती एवढ्यासाठी. आपल्या माहितीपत्रकात पाचव्या दिवशी ठळक अक्षरांत छापलं आहे : 'सायंकाळी बौद्धनाथ महास्तूप येथे सामूहिक बुद्धवंदना व प्रदक्षिणा (२ तास)'. हे वाक्य आईने मला दोनदा वाचायला लावलं होतं.

त्या संध्याकाळी प्रत्यक्षात काय झालं ते आता सांगते. २० तारखेला सकाळी साडेदहाला निघालो. पशुपतिनाथ, मग हनुमानढोका दरबार चौक. तिथे कुमारी घराच्या चौकात थांबलो, २०१५ च्या भूकंपात कोसळून पुन्हा उभं केलेलं काष्ठमंडप पाहिलं. चांगलं दाखवलं, नाही म्हणत नाही. साडेतीनला आमच्याबरोबरच्या यात्रा व्यवस्थापकांनी सांगितलं, "आता वाटेत फक्त दहा मिनिटं एक थांका केंद्र बघू, लगेच बौद्धनाथ." ते केंद्र म्हणजे दुकान होतं. खाली चित्रं, वर वाडगे आणि रुद्राक्षाच्या माळा. थांका म्हणजे कापडावर काढलेली बौद्ध चित्रं, ही मोठी कला आहे, काठमांडू खोऱ्यातल्या नेवार चित्रकारांची पौभाची परंपरा तर शेकडो वर्षांची. ती नीट समजावून सांगितली असती तर मी स्वतः आनंदाने ऐकलं असतं. पण तिथे फक्त किमती सांगितल्या गेल्या, आणि दरवाजाजवळची खुर्ची मागून घेऊन आई बसून राहिली. मी तीनदा व्यवस्थापकांकडे गेले. "पाच मिनिटं ताई," हे उत्तर तिन्ही वेळा मिळालं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा पाच चाळीस झाले होते. नोव्हेंबरात तिथे सव्वापाचच्या आतच सूर्य मावळतो. "आता अंधार झाला, बौद्धनाथ उद्या," असं बसमध्ये जाहीर झालं आणि बस थामेलला बाजारात नेली.

अंधार पडल्यावर बौद्धनाथ बंद होत नाही. उलट प्रदक्षिणेला खरी गर्दी होते ती दिवेलागणीलाच. तिबेटी म्हाताऱ्या माळ ओढत चालतात, तुपाचे दिवे लागतात, भोवतालच्या गोम्पांमधून, म्हणजे तिबेटी मठांमधून, पठण ऐकू येतं. हे मला तिथल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आपल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं की ठाऊक असून सांगितलं नाही, ते आपणच त्यांना विचारावं.

आई त्या रात्री काही बोलली नाही. पांढरं सुती पातळ तिने सकाळपासून नेसलेलं होतं, ते रात्री घडी करून उशाशी ठेवलं. "उद्या हेच नेसतो," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, सकाळी टेकडीवरचा स्वयंभू स्तूप. बस टेकडीच्या पूर्वेला, ३६५ पायऱ्यांच्या तोंडाशी उभी केली आणि सांगण्यात आलं की ज्यांना चढवतं त्यांनी चढा, बाकीच्यांनी बसमध्ये बसा. आमच्या एकतीस जणांतले नऊ जण साठीच्या पुढचे होते. आईसह सात जण सव्वा तास बसमध्ये बसून राहिले. मी वर गेले, पण मन खालीच होतं. पायऱ्या संपतात तिथे राजा प्रताप मल्लांनी सतराव्या शतकात बसवलेलं भलंमोठं वज्र आहे, मागे स्तूप, बाजूला हारतीचं देऊळ. सगळं खोरं तिथून दिसतं. पूर्वी इथे सरोवर होतं आणि मंजुश्रींनी चोभारजवळ तलवारीने डोंगर कापून पाणी वाहून लावलं ही कथा मी आईला वाचून दाखवली होती. ती तिला तिथे उभं राहून ऐकायची होती.

वर गेल्यावर कळलं की टेकडीच्या पश्चिमेकडून गाडीरस्ता येतो. त्या बाजूला वाहनतळ आहे आणि तिथून चढायच्या पायऱ्या थोड्याच आहेत. दुसऱ्या गटांतले म्हातारे लोक त्या बाजूने हळूहळू वर येताना मी डोळ्यांनी पाहिले. वयस्कर प्रवाशांची यादी आपल्याकडे ऑगस्टपासून होती. एवढी चौकशी करणं आपलं काम नव्हतं का?

याच टेकडीवर आनंदकुटी विहार आहे. माहितीपत्रकात 'आनंदकुटी येथे भिक्खूसंघासमवेत पाली वंदना' असं छापलेलं आहे. राणा राजवटीने १९४४ मध्ये थेरवादी भिक्खूंना देशाबाहेर काढलं होतं. त्यांनी परत येऊन धम्म रुजवला त्याच्याशी या विहाराचं नाव जोडलेलं आहे. १९५६ ची परिषद काठमांडूत भरावी म्हणून ज्यांनी खपून काम केलं ते भिक्षू अमृतानंद याच विहाराचे. आम्ही घरी जे 'नमो तस्स भगवतो' म्हणतो तेच तिथे म्हटलं जातं. २० नोव्हेंबरसाठी काठमांडूला आलेल्या माणसाला यापेक्षा जवळची जागा नाही. विचारलं तर व्यवस्थापक म्हणाले, "ते ऑप्शनल होतं." माहितीपत्रकात 'ऑप्शनल' हा शब्द कुठेही नाही. आपणच पाहून घ्या.

आता मुख्य गोष्ट. स्वयंभूहून बस बौद्धनाथच्या रस्त्यावरच्या गेटपाशी आली. "सव्वाबाराला इथेच," असं सांगून सगळ्यांना उतरवलं. माझ्या आणि आईच्या घड्याळात तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. चाळीस मिनिटं आहेत असं धरून आम्ही निवांत आत गेलो. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. व्यवस्थापक नेपाळी वेळ सांगत होते, आमच्यातल्या निम्म्या लोकांची घड्याळं भारतीय होती, आणि हा फरक कोणीही, कधीही सांगितला नव्हता. म्हणजे हातात होती फक्त पंचवीस मिनिटं.

गेटातून आत पाऊल टाकलं की तो पांढरा घुमट एकदम समोर येतो. वर चारी दिशांना पाहणारे डोळे, त्यावर तेरा पायऱ्यांचं निमुळतं शिखर. आई उभी राहिली, हात जोडले आणि बराच वेळ तशीच राहिली. आपले मार्गदर्शक म्हणाले, "डोळ्यांच्या मधे नाकाच्या जागी प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे जगाला प्रश्न." आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाई, हा तं आपला एक आहे नं!" तिचंच बरोबर आहे. तो देवनागरी १ आहे, एकतेची खूण म्हणून काढलेला. जिथे जाऊन लोक माथा टेकवतात तिथल्या खुणेचा अर्थ मार्गदर्शकाला माहीत असायला हवा. माहितीपत्रकात 'स्थानिक परवानाधारक मार्गदर्शक' असं वचन आहे. हे गृहस्थ आमच्याबरोबर नागपूरहूनच आले होते.

मग आईने त्रिशरण म्हटलं आणि प्रदक्षिणा सुरू केली. गुडघ्यांमुळे ती सावकाश चालते. भिंतीतल्या प्रार्थनाचक्रांना हात लावत, थांबत, पुन्हा चालत. तिसरा हिस्साही झाला नसेल, तोच आपला मदतनीस मुलगा धावत आला. "आजी, चला, सगळे बसमध्ये बसले, तुमच्यामुळे खोळंबा होतोय." मी म्हटलं, एवढी फेरी पूर्ण होऊ दे. तो म्हणाला, "तेवढा टाइम नाही, मागे वळा, गेट इकडे जवळ पडतं."

आणि आईला त्या स्तूपाभोवती उलट्या दिशेने चालत यावं लागलं. समोरून सगळे लोक उजवीकडे स्तूप ठेवून येत होते आणि त्या गर्दीच्या विरुद्ध माझी आई, पांढऱ्या पातळात, मान खाली घालून. एका तिबेटी आजीबाईंनी तिला थांबवलं, दंडाला धरून प्रेमाने दिशा दाखवली, असं नाही, असं. भाषा कळत नव्हती, पण काय सांगतात ते आईला कळलं. तिने त्यांना हात जोडले आणि उलटीच चालत राहिली. हे मी विसरणार नाही. आपण ही एवढीच ओळ वाचली तरी चालेल, बाकी सगळं पत्र बाजूला ठेवा.

घाई कशाची होती तेही सांगते. चौदा जणांकडून जादा पैसे घेऊन त्यांना दुपारी चंद्रागिरीच्या केबल कारला न्यायचं ठरलं होतं. त्यांच्या हौसेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती सहल आमच्या वेळेतून कापून द्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि त्याच दुपारी आम्ही बाकीचे चार तास हॉटेलात बसून होतो. एक गाडी करून आम्हांला परत बौद्धनाथला सोडा अशी विनंती केली, तर 'गटाच्या नियमात बसत नाही' असं उत्तर मिळालं.

त्या संध्याकाळी हॉटेलातल्या एका वयस्कर कर्मचाऱ्यांनी आईची चौकशी केली. त्यांनी सांगितलं की थामेलच्या जवळच, ठहिटीपाशी काठेसिम्भू आहे, ज्यांना स्वयंभूची चढण झेपत नाही ते तिथल्या चैत्याचं दर्शन घेतात. आदल्या संध्याकाळी आम्हांला बाजार दाखवला तिथून ते पायी काही मिनिटांवर. ते स्वतः आमच्याबरोबर आले. आईने नागपूरहून आणलेल्या पाच मेणबत्त्यांपैकी दोन तिथे लावल्या. उरलेल्या तीन बौद्धनाथसाठी होत्या. त्या परतीच्या प्रवासात बॅगेत वाकल्या, तशाच कपाटात ठेवल्या आहेत.

पैशांचा एक हिशेबही राहिला आहे. यात्रेच्या दरात प्रवेशशुल्क धरलेलं असूनही बसमध्ये माणशी २०० भारतीय रुपये घेतले, त्याची पावती दिली नाही. सार्क देशांच्या नागरिकांना बौद्धनाथला १०० आणि स्वयंभूला ५० नेपाळी रुपये तिकीट होतं. भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०. दोन्ही तिकिटं मिळून आपले शंभर रुपयेसुद्धा होत नाहीत.

माझ्या मागण्या अशा. काठमांडूच्या दोन दिवसांच्या खर्चाचा दोघींचा हिस्सा आणि बसमध्ये घेतलेले ४०० रुपये परत करावेत. त्या दुकानाशी आपल्या कंपनीचा काय व्यवहार आहे ते लेखी कळवावं. ज्या यात्रेत बौद्धनाथची संध्याकाळ आणि आनंदकुटीची वंदना होणार नाही, तिच्या माहितीपत्रकातून ती वाक्यं काढून टाकावीत, म्हणजे आणखी कोणाची आई त्यावर विसंबून राहणार नाही. आणि आईला आपल्या सहीचं माफीचं पत्र पाठवावं. पैसे एक वेळ उशिरा आले तरी चालतील, हे पत्र आधी यावं.

पंधरा दिवस वाट पाहीन. छापून दिलेलं न देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटी आहे. मला नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. तिथपर्यंत जायची माझी इच्छा नाही, पण तयारी आहे.

आणखी एक. यात्रेनंतर आपल्या कार्यालयातून आईच्या मोबाइलवर अभिप्रायासाठी दोनदा फोन आला. दोन्ही वेळा ती "सगळं चांगलं झालं, पोरं चांगली होती," असंच म्हणाली. ती कोणाबद्दलच वाईट बोलत नाही. ते उत्तर आपण समाधानी ग्राहक म्हणून नोंदवलं असेल तर ती नोंद कृपया रद्द करावी, आणि यापुढचा पत्रव्यवहार पावतीवरील माझ्या पत्त्यावर, लेखीच करावा.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व आरक्षण क्रमांक सोबतच्या पावतीप्रमाणे)