रिंगा बदलल्या, पण बोअर मोजलाच नाही

प्रति,
मा. सेवा व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: व्हॅनच्या इंजिनाचे निदान न करता केलेली दुरुस्ती व त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

माझी पेट्रोल व्हॅन १७ वर्षांची आहे आणि आजवर २,४०,००० किलोमीटर धावली आहे. रोपे, कुंड्या आणि मातीची पोती पोहोचवण्याचे माझे सगळे काम तिच्यावरच चालते. गेल्या चार महिन्यांत ती तुमच्या सेवा केंद्रात तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा सुटे भाग बदलले गेले, तिन्ही वेळा मी पूर्ण बिल भरले, आणि गाडी शेवटपर्यंत पूर्वीइतकेच ऑइल खात राहिली.

इंजिन जुने आहे, ते झिजणारच. त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. माझी तक्रार एवढीच आहे की या चार महिन्यांत तुमच्याकडे एकदाही कोणी त्या इंजिनाचे माप घेतले नाही. ना कॉम्प्रेशनचे (सिलेंडरात पिस्टन हवा किती दाबतो त्याचे), ना ऑइल प्रेशरचे, ना बोअरचे (पिस्टन ज्या गोल पोकळीत वर-खाली होतो तिचे).

पहिल्या खेपेला जॉबकार्डवर मी स्वतः सांगून लिहून घेतले होते: ७०० किलोमीटरला साधारण एक लिटर ऑइल जाते, भरली गाडी चढावर ओढताना मागे निळा धूर सुटतो, उभ्या गाडीत इंजिन मिसिंग मारते, आणि इंजिन गरम झाले की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. तुमच्याच माणसाने माझ्यासमोर प्लग काढले. तीन प्लगांची टोके कोरडी आणि फिकट तपकिरी होती. तिसऱ्या सिलेंडरचा प्लग मात्र काळा आणि ऑइलने ओला होता. तिसऱ्या सिलेंडरात ऑइल वर चढते आहे, हे तिथेच दिसत होते. तरीही चारही प्लग आणि कॉइल बदलून मला गाडी दिली गेली. लाल दिव्यासाठी ऑइल प्रेशरचा स्विच बदलला आणि नेहमीपेक्षा जाड ऑइल भरले. स्विच काढला होता तेव्हा त्याच भोकात साधे गेज लावून गरम इंजिनाचे खरे प्रेशर बघता आले असते. दहा मिनिटांचे काम. ते झाले नाही. जाड ऑइलमुळे दिवा काही आठवडे विझला आणि मी निर्धास्त होऊन गाडी भरत राहिले, याचे मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटते.

दुसऱ्या खेपेला व्हॉल्व्हची ऑइल सील बदलली. सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) गेलेले असतील तर धूर कधी येतो? रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना पहिला झोत येतो, किंवा लांब उतारावर पाय सोडून आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की येतो. माझ्या गाडीला सकाळी धूर नव्हताच. तिचा धूर ओझ्याखाली, चढावर, सलग येत होता, आणि हे लक्षण रिंगा (पिस्टनभोवतीची, भिंतीला चिकटून फिरणारी धातूची कडी) आणि बोअरकडे बोट दाखवते. जॉबकार्डावरचे माझे वाक्य कोणी नीट वाचले असते, तर सील बदलण्याआधी निदान कॉम्प्रेशन तरी बघितले असते.

तिसऱ्या खेपेला इंजिन खोलले आणि रिंगा बदलल्या. गाडी घेताना मी स्पष्ट विचारले, "बोअर ठीक आहे ना?" उत्तर मिळाले, "होनिंग करून रिंगा टाकल्यात मॅडम, हजार किलोमीटर चालवा, बसतील." होनिंग म्हणजे बोअरची भिंत दगडाने घासून तीवर तिरप्या रेघा पाडणे. मी १,८०० किलोमीटर चालवली. ओझे कमी, वेग जपून, उगाच उभी ठेवून इंजिन चालवणे नाही. काहीच फरक पडला नाही. मग फोनवर तुमचे सल्लागार म्हणाले की गाडी जुनी आहे, एवढे चालायचेच. साहेब, जुनी असणे हे गाडीचे वय झाले. ते निदान नाही.

शेवटी मी गाडी एका दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी इंजिन गरम होऊ दिले, उभ्या गाडीत ऑइल भरायचे झाकण सैल केले आणि मला जवळ बोलावले. झाकण तोंडावर थडथडत होते आणि खालून धुराचे फुसके सारखे बाहेर पडत होते. त्यावर मी तळहात धरला. क्षणात तो ऑइलच्या बारीक तुषारांनी चिकट झाला. जळलेला गॅस रिंगांना ओलांडून खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरत होता. हेच तुमच्या आवारात कोणीही करून बघू शकले असते.

मग त्यांनी चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायला सांगून कॉम्प्रेशन घेतले. आकडे आले ९.५, ९.२, ६.४ आणि ९.३ बार. धडधाकट पेट्रोल इंजिनात हा आकडा साधारण १२ बारच्या आसपास असतो आणि सिलेंडरांमध्ये एवढी तफावत नसते. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतले, तर ६.४ चे ९.८ झाले. व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचे पॅकिंग) गळत असते तर ऑइल सोडून आकडा एवढा वाढला नसता. ऑइलने काही क्षण रिंगा आणि भिंतीमधली फट बुजवली, म्हणून तो वाढला. मग हवेचा दाब देऊनही बघितले: सायलेन्सरमध्ये आवाज नाही, हवा आत येते त्या बाजूला नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, आणि ऑइलच्या झाकणातून मात्र स्पष्ट सुस्कारा, म्हणजे हवा रिंगांवरूनच खाली जात होती. हे सगळे एका सकाळीत उरकले आणि त्यासाठी इंजिन खोलावे लागले नाही.

मग माझ्या संमतीने, माझ्या समोर, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवले. तिसऱ्या बोअरच्या वरच्या काठाखाली मी स्वतः नख फिरवले. नख अडकले. रिंग जिथवर पोहोचते तिथवर भिंत झिजलेली, आणि त्याच्या वर न झिजलेल्या धातूची पायरी तशीच राहिलेली. पिस्टन बाहेर काढला तेव्हा तुम्ही टाकलेली वरची रिंग दोन ठिकाणी तुटलेली निघाली. जुन्या रिंगेची कड झिजून गोल झालेली असते, ती त्या पायरीखालून सुखरूप फिरते. नव्या रिंगेची कड काटकोनी असते, ती थेट पायरीवर आदळते. म्हणून नवी रिंग टाकण्यापूर्वी ती पायरी काढावी लागते किंवा बोअर मशीनवर मोठा करून घ्यावा लागतो. होनिंगच्या तिरप्या रेघाही भिंतीवर कुठे दिसल्या नाहीत. भिंत आरशासारखी गुळगुळीत होती आणि तीवर उभे ओरखडे होते.

बोअर गेजने घेतलेली मापे सोबत जोडली आहेत. तळाशी, जिथे रिंग पोहोचत नाही, तिथे ७५.०२ मिमी. वर, रिंगेच्या शेवटच्या टप्प्यावर, ७५.२० मिमी. व्यासात ०.१८ मिमीचा फरक म्हणजे रिंगेच्या तोंडाची (रिंग जिथे कापलेली असते तिथली) फट तळापेक्षा वर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त उघडते. प्रत्येक फेऱ्यात रिंग तशी उघडत आणि मिटत राहणार. अशा बोअरमध्ये कोणतीही नवी रिंग बसत नाही, मग ती हजार किलोमीटर चालवा की दहा हजार.

लाल दिव्याचे कारणही चेंबर उतरवल्यावर सापडले. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) दोन बेअरिंगांचा वरचा थर जाऊन खालचा तांबूस धातू उघडा पडला आहे. तुम्ही रिंगा बदलताना हेच रॉड सोडवले होते. ती बेअरिंग तुमच्या माणसाच्या हातात आली असणारच. तीच परत बसवली गेली आणि मला कोणी एका शब्दानेही सांगितले नाही. आता क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) ०.२५ मिमी ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग घालावी लागतील. शिवाय एवढे महिने ऑइल जळत राहिल्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (सायलेन्सरच्या मार्गातला धूर स्वच्छ करणारा भाग) तपासावा लागणार आहे, कारण ऑइलमधले फॉस्फरस त्याच्या थरावर बसते आणि तो निकामी होतो.

माझी मागणी अशी. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेची मजुरी आणि सुट्या भागांची रक्कम मला परत मिळावी. पहिल्या खेपेचे प्लग मी वापरले आहेत, त्यांचे पैसे मागत नाही. कॉइल आणि स्विच मात्र विनाकारण बदलले गेले, त्यांचे पैसे परत हवेत. पैसे परत द्यायचे नसतील तर चारही बोअर मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठे (ओव्हरसाइज) करून, त्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घालून, क्रँक ग्राइंड करून इंजिन जुळवण्याचा खर्च कंपनीने उचलावा. काम मात्र मी सध्या जिथे ब्लॉक (सिलेंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) ठेवला आहे तिथेच होईल, आणि बोअर, रिंगेची फट, बेअरिंगचा क्लिअरन्स ही सगळी मापे कागदावर लिहून मला मिळतील. तिसऱ्या खेपेत काढलेल्या जुन्या रिंगा मी मागितल्या होत्या, तेव्हा त्या फेकून दिल्याचे सांगण्यात आले. काढलेले भाग ग्राहकाला न विचारता फेकायचे नाहीत, एवढी सूचना तरी तुमच्या सर्व केंद्रांना द्या.

तिन्ही बिले, जॉबकार्ड, कॉम्प्रेशनचे आकडे आणि बोअरची मापे यांच्या प्रती सोबत आहेत. तुटलेल्या रिंगेचे तुकडे आणि दोन्ही बेअरिंग माझ्याकडे जपून ठेवली आहेत. ब्लॉक मशीन शॉपमध्ये ऑइल लावून झाकून ठेवला आहे आणि मी १५ दिवस त्याला हात लावू देणार नाही. बोअरिंग झाले की ती पायरी आणि हे माप राहणार नाही, म्हणून तुमच्या तांत्रिक अधिकाऱ्याला त्याआधी स्वतःचे गेज घेऊन पाठवा.

आपली,
एक ग्राहक