जलशुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण आणि परवाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की सात तलावांतील पाणीसाठ्याचा तक्ता आपल्या वृत्तपत्रात रोज येतो आणि मुंबईकर तो आवर्जून वाचतात. भातसा किती भरले, तानसा कधी ओसंडणार, हे लोकलच्या डब्यातही ठाऊक असते. मात्र तलाव आणि स्वयंपाकघरातला नळ यांच्यामध्ये जी माणसे रात्रपाळीला जागी असतात, त्यांच्याविषयी फारसे कुठे छापून येत नाही. मी मुंबईलगतच्या एका नगरपालिकेच्या केंद्रात ३१ वर्षे फिल्टर ऑपरेटर म्हणून काम केले आहे, आणि त्या अनुभवावरूनच हे पत्र लिहीत आहे.

धरणाचे पाणी मे महिन्यात आणि जुलैत सारखे नसते. निवळशंख पाणी पहिल्या दोन-चार जोरदार सरींनंतर एका रात्रीत चहाच्या रंगाचे होते, आणि त्या रात्री तुरटी किती घालायची हे जार टेस्ट केल्याशिवाय सांगता येत नाही. सहा बीकरमध्ये कच्चे पाणी घ्यायचे, प्रत्येकात तुरटीचे द्रावण चढत्या प्रमाणात घालायचे, आधी मिनिटभर जोरात आणि मग बराच वेळ सावकाश ढवळायचे, आणि दिव्यासमोर धरून पाहत राहायचे. ज्या बीकरमध्ये गढूळपणाचे पुंजके मोठे होऊन लवकर तळाला बसतात आणि वरचे पाणी नितळ होते, तो आपला डोस. डोस कमी पडला तर माती फिल्टरवर येते. जास्त झाला तर पाण्याचा सामू घसरतो आणि पुंजकेही नीट धरत नाहीत. ही नजर तयार व्हायला जुन्या माणसाबरोबर निदान एक पावसाळा काढावा लागतो. आमच्याकडे शेवटच्या काही वर्षांत कंत्राटदारामार्फत आलेली मुले चुणचुणीत होती, कष्टाळूही होती, पण कोणता व्हॉल्व्ह कुठे फिरवायचा, एवढेच त्यांना पहिल्या दिवशी दाखवले गेले होते. त्यांतल्या एकाने जुलैतल्या मुसळधार पावसात उन्हाळ्यातलाच डोस रात्रभर चालू ठेवला, कारण फळ्यावर तोच लिहिलेला होता. त्या मुलाला मी तेव्हाही दोष दिला नाही आणि आजही देत नाही.

देखभालीची कथा याहून वेगळी नाही. वाळूचा फिल्टर वेळच्या वेळी वॉश दिला तरच चालतो. आधी खालून हवा सोडून वाळू मोकळी करायची आणि मग पाणी उलटे सोडून मळ वर काढायचा, असा तो क्रम असतो. एकदा ही हवा सोडणाऱ्या यंत्राचा, म्हणजे ब्लोअरचा, पट्टा तुटला. अगदी किरकोळ किमतीची वस्तू, पण मागणीपत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले आणि तीन महिने आम्ही हवेविना नुसत्या पाण्याचा वॉश देत राहिलो. वरून सारे ठीक दिसत होते. पुढे फिल्टरमधला वाळूचा थर उकरला तेव्हा वाळूत लिंबाएवढे चिखलाचे गोळे हाताला लागले. त्या गोळ्यांच्या कडेकडेने पाणी पुरेसे न गाळताच खाली उतरत होते. शेवटी सगळी वाळू बदलावी लागली. नव्या केंद्रांसाठी मोठ्या तरतुदी होतात आणि त्या झाल्याच पाहिजेत, पण पट्टा, बेअरिंग, ग्लँड अशा सुट्या भागांसाठी केंद्रप्रमुखाच्या हाती वेगळी रक्कम का असू नये, हे मला कधी उमगले नाही.

क्लोरीनच्या खोलीत तर चुकीला जागाच नाही. ९०० किलोच्या टोनरची, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरची, गळती शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा जोडाजवळ धरायचा असतो. जिथे पांढरा धूर दिसेल तिथे गळती. हे मला एका वरिष्ठांनी हात धरून शिकवले. पण श्वसनाचा मास्क कुलूपबंद कपाटात आणि किल्ली दुसऱ्या पाळीच्या माणसाकडे, असेही मी पाहिले आहे.

अप्रशिक्षित हातांची किंमत किती मोठी असू शकते, हे कॅनडातील वॉकर्टन या छोट्या गावाने २००० साली भोगले. अतिवृष्टीनंतर तिथल्या विहिरीत जंतू शिरले. पाण्यातील उर्वरित क्लोरीन रोज मोजायचा असताना चालक तो न मोजताच वहीत अंदाजे आकडे लिहीत होते. सात माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. चौकशीत चालकांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते ही बाब ठळकपणे पुढे आली आणि त्यानंतर त्या प्रांताने चालकांचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र यांचे नियम कडक केले. आपल्याकडे बॉयलर चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते, वायरमनला परवाना लागतो. लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्याला मात्र तशी सक्ती नाही.

मुंबईपुरते बोलायचे तर भांडुप संकुलातील दोन केंद्रांची क्षमता दिवसाला १,९१० आणि ९०० दशलक्ष लिटर आहे, म्हणजे शहराला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा एकाच आवारातून येतो. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचे पाणी त्या आवारात शिरले, विद्युत यंत्रणा बंद पडली आणि पाणी उकळून पिण्याचे आवाहन महापालिकेला करावे लागले. अशा वेळी कोणता पंप आधी सुरू करायचा आणि कोणत्या फिल्टरला किती वेळ थांबवायचे, हे तिथल्या माणसांनाच ठरवावे लागते. त्यासाठी दर मे महिन्यात सर्व चालकांचा, कंत्राटी असोत वा कायम, सराव झाला पाहिजे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची नाशिकला प्रशिक्षण संस्था आहे; तिथल्या किंवा तत्सम अभ्यासक्रमाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही पाळीवर एकट्याने बसवू नये आणि कंत्राटाच्या अटींतच ती तरतूद घालावी. केंद्र सरकारची देखभालीची नियमावलीही मराठीत, चित्रांसह, प्रत्येक पाळीच्या टेबलावर असावी.

आपल्याला एक विनंती आहे. तलावांचा तक्ता छापता तिथेच दर पावसाळ्याआधी मुंबईतील किती चालकांचे प्रशिक्षण झाले, किती जागा रिक्त आहेत आणि किती फिल्टर दुरुस्तीसाठी बंद आहेत, ही माहिती प्रशासनाकडून मागवून प्रसिद्ध करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फिल्टर ऑपरेटर, मुलुंड (पूर्व), मुंबई