कोऱ्या चहासारखी लघवी आणि तुमची पुरवणी

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या पुरवणीतला मांड्या दगडासारख्या करायचा लेख वाचला. वाचला म्हणजे आमच्या चिरंजीवांनीच मोठ्याने वाचून दाखवला, हसत हसत. मला काही हसू आलं नाही, कारण त्यात लिहिलंय की दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला तर समजा तुमचा व्यायाम झालाच नाही. लिहिणाऱ्याला एकदा आमच्या घरी तासगावला पाठवा, चहा पाजतो. कोरा.

मागच्या एप्रिलची गोष्ट. पोरगं पोलीस भरतीच्या मागे आहे पण परीक्षेमुळे चार महिने ग्राऊंड बंद होतं. मित्राने जिमला नेलं, पहिला दिवस फ्री. ट्रेनर म्हणजे ह्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, टीशर्टात न मावणारा. त्याने पहिल्याच दिवशी लेग डे घेतला, स्क्वॉट, मग लंजेस, मग परत स्क्वॉट, पंखा एकच आणि तोही ट्रेनरच्या अंगावर. पोरगं म्हणालं पाय थरथरायला लागलेत, तर म्हणे पोलीस व्हायचंय ना, मार अजून वीस. मारले. सगळे मिळून तीनशेच्या घरात गेले असतील. भरतीचं नाव काढलं की पोरं नाही म्हणत नाहीत हे ह्या लोकांना बरोबर माहीत असतं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात पोरं जीवानिशी गेली, तेव्हा पेपरवाल्यांनीच किती रान उठवलं होतं. आता १६०० मीटर आहे. तिथं सरकारने कमी केलं, इथं गल्लीतला ट्रेनर वाढवतोय.

दुसऱ्या दिवशी पोरगं संडासात बसलं ते उठेना. मी आणि त्याच्या आईने काखेत हात घालून उठवला, बावीस वर्षांचा घोडा. मांड्या टम्म फुगलेल्या. आम्ही म्हटलं अंग धरलंय, होईल कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी हळूच हाक मारली, पप्पा जरा इकडं बघा. लघवी कोऱ्या चहासारखी, तेही दोनदा उकळलेल्या.

हिने म्हटलं उन्हाळी लागली असेल, सब्जा भिजत घातला. शेजारच्या काकूंनी कावीळ ठरवून टाकली, रविवारी औषध देणारा माणूस पण सांगितला. डॉक्टरकडे गेलो तर रक्तात एसजीओटी, म्हणजे लिव्हर तपासायला बघतात ते, वाढलेलं, ते म्हणाले लिव्हरच आहे, आणि पाय दुखतायत म्हणून वर पेनकिलरचं इंजेक्शन. काविळीत वाढतं ते बिलिरुबिन नॉर्मल आहे, डोळे पांढरेशुभ्र आहेत, ह्याकडे कुणाचं लक्ष नाही. माझं पण नव्हतं, खोटं कशाला बोलू.

रात्री मिरजेला नेला. तिथल्या मॅडमनी रिपोर्ट बघायच्या आधी विचारलं, जिम नवीन लावलीस का रे? सीपीके काढलं, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात वाढतं ते. साधारण दोनशेच्या आत पाहिजे, ह्याचं ८४ हजार. लघवीची पट्टी रक्त दाखवत होती पण मायक्रोस्कोपखाली लाल पेशीच नाहीत, कारण ते रक्त नव्हतंच, मायोग्लोबिन होतं, स्नायूतलं. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, नाव पाठ व्हायला मला दोन दिवस लागले. सवय नसताना एकदम ताण पडला की स्नायूच्या पेशी फुटतात, आतला माल रक्तात येतो, तो किडनीत जाऊन बसतो, पोटॅशियम फार वाढलं तर हृदयावर येतं. एसजीओटी स्नायूत पण असतं, म्हणून लिव्हर उगाच बदनाम. आणि पेनकिलर म्हणजे किडनीवर दुसरा घाव. मॅडम म्हणाल्या, लंडनवर बाँब पडले तेव्हा ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या माणसांच्या किडन्या अशाच गेल्या, १९४१ साली तिथल्या डॉक्टरांनी ते लिहून ठेवलंय. ढिगाऱ्याखाली! आमचा तर फ्री ट्रायलला गेला होता.

सहा दिवस सलाईनवर सलाईन, मी स्टुलावर बसून लघवी मापून वहीत लिहितोय आणि रंग कोऱ्या चहावरून हळूहळू उसाच्या रसावर येतोय. डायलिसिस टळलं.

मी स्वतः तालमीत वाढलोय. आमचे वस्ताद नव्या पोराला पहिले पंधरा दिवस पंचवीस बैठकांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, जास्त मारल्या तर कानाखाली. पुढे हजार मारणारे पण बघितले, पण ते वर्षादोन वर्षांनी. आजारातनं उठला की परत पंचवीसपासनं. वस्ताद चौथी पास होते आणि सीपीके त्यांनी ऐकलं पण नव्हतं.

जिमवाल्याकडे गेलो होतो. पाणी कमी प्यायला असेल म्हणाला. पोराने पहिल्याच दिवशी उत्साहात वर्षाचे सात हजार भरले होते ते मागितले तर रिफंड नाही, मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर करून देतो, काका तुम्ही या की. मी गेलो नाही, हे वेगळं सांगायला नको.

तुम्हाला एवढंच म्हणायचंय की मांड्या दगडाच्या करा, पण लेखाखाली चार ओळींची चौकट टाका. व्यायामानंतर अंग फुगलं आणि लघवी काळपट झाली तर घरी सब्जा पीत बसू नका, पेनकिलर घेऊ नका, हॉस्पिटल गाठा आणि व्यायाम केलाय हे स्वतःहून सांगा. जागा नाही म्हणू नका, त्याच पानावर प्रोटीन पावडरची अर्धं पान जाहिरात आहे.

आणि शब्दकोडं. गेल्या तीन रविवारी उत्तरं दुसऱ्याच कोड्याची येतायत. सहा दिवस हॉस्पिटलात माझा तेवढाच विरंगुळा होता, तेव्हा निदान उत्तरं तरी बरोबर यायची.

आपला एक जुना वाचक, तासगाव