जंताच्या औषधाआधी लेंड्या तपासण्याची सोय हवी

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावी शेळ्या-मेंढ्यांना जंताचे औषध पाजले जाते. ही पद्धत बंद पडावी असे मला मुळीच वाटत नाही. मात्र आमच्या भागातील अनेक कळपांत ते ज्या रीतीने पाजले जाते, ती रीत बदलली नाही तर औषधच निकामी ठरेल, ही काळजी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शेळ्या-मेंढ्यांना सर्वांत अधिक मारणारा जंत हीमॉन्कस हा होय. तो जठराच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त घेतो, म्हणजे पोटात हजार जंत असलेल्या शेळीचे रोज 50 मिलिलिटर रक्त जाते. डोळ्याची खालची पापणी आतून पांढुरकी पडते, जबड्याखाली पाणी साठून सूज येते आणि पुष्कळदा हगवण नसतानाच जनावर दगावते, त्यामुळे मालकाला जंताची शंकाही येत नाही. त्याची मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते आणि ती लेंड्यांवाटे बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या गवताच्या बुडाशी चढून बसतात. खान्देशचा उन्हाळा चराईवरील बहुतेक अळ्या जाळून टाकतो खरा, परंतु जनावराच्या पोटात सुप्त राहिलेल्या अळ्या पावसाबरोबर पुन्हा वाढीस लागतात.

नेमक्या याच काळात शेतांत कापूस आणि मका उभा असतो. बांध, नाल्याचा काठ आणि उरलेसुरले गायरान एवढ्यावरच साऱ्या गावाची जनावरे येऊन पडतात, गवत खुरटे होते आणि शेळी जमिनीलगत तोंड घालते. साक्री-शिंदखेड्याकडील ठेलारी बांधव कळप घेऊन फिरतात, त्यांना निदान जागा बदलता येते. एका गावात बांधलेल्या शेळीला ती सोय नाही. अशा दिवसांत बाभूळ, बोर, सुबाभळीचा पाला तोडून उंचावर टांगून दिला तरी पोटात जाणाऱ्या अळ्या कमी होतात, आणि हा उपाय बिनखर्ची आहे.

औषधाच्या बाबतीत मोठी चूक मात्रेची होते. वजन नजरेने ठरवले जाते, बाटली पुरवून वापरली जाते आणि वर्षानुवर्षे एकाच गटातले, म्हणजे एकाच तऱ्हेने काम करणारे, औषध सगळ्या कळपाला पाजले जाते. अपुऱ्या मात्रेत तगलेले जंत पुढची पिढी वाढवतात आणि त्या पिढीवर ते औषध चालेनासे होते. शेळीचे शरीर अल्बेंडाझोलसारखी औषधे मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, म्हणून मेंढीची मात्रा शेळीला बहुधा कमी पडते, हे दुकानात कुणी सांगत नाही. शिवाय हेच औषध गाभणपणाच्या सुरुवातीच्या दिवसांत दिल्यास पोटातील पिलात व्यंग येऊ शकते. गावात कापूस मोजायला काटा मिळतो. शेळी मोजायलाही तो मिळाला पाहिजे.

कळपातील बहुतेक जंत थोड्या जनावरांच्याच, साधारण 20 ते 30 टक्क्यांच्या, पोटात असतात. पापणी पाहून अशक्त जनावरे निवडायची पद्धत दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली. ती शिकायला मोठे शिक्षण लागत नाही. धडधाकट जनावरांना सरसकट औषध न पाजल्यास औषधाला दाद देणारे जंतही चराईवर शिल्लक राहतात आणि औषधाचे आयुष्य वाढते, हे पशुपालकांना समजावून सांगणे फार गरजेचे आहे.

माझी विनंती जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या पशुसंवर्धन यंत्रणेला आहे. प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा माणूस असावा, आणि औषध पाजण्याच्या मोहिमेआधी काही कळपांच्या लेंड्यांतील जंतांची अंडी मोजावीत. औषध दिल्यावर 10 ते 14 दिवसांनी पुन्हा मोजणी करावी. अंडी 95 टक्क्यांपेक्षा कमी प्रमाणात घटली असतील, तर ते औषध त्या भागात चालत नाही असे समजून दुसऱ्या गटातील औषध पुरवावे. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून लेंड्या घेऊन तालुक्याला येणे मजूर कुटुंबाला परवडणारे नाही, म्हणून तेथे नमुने गोळा करायला आठवडे बाजाराच्या दिवशी कर्मचारी बसवावा. हे काम येत्या मे महिन्यातच सुरू झाले पाहिजे, कारण पहिला पाऊस पडल्यावर तपासणीला सवड उरत नाही.

आपला,
एक शेळीपालक,
साक्री तालुका, जि. धुळे